संत्र्याची गाडी, कोरडा जिल्हा आणि ड्रायव्हर : विदर्भात हार्डबॉईल्ड कादंबरी उभी राहील काय?

संत्राबाग (वरूड)

ए. आय. बेझेराइड्स या अमेरिकन लेखकाची १९४९ साली आलेली ‘थीव्ह्ज मार्केट’ ही कादंबरी नुकतीच वाचून संपवली. बागांमधली सफरचंदे ट्रकमध्ये भरून सॅन फ्रान्सिस्कोच्या घाऊक फळबाजारात नेणारा एक तरुण, डोळ्यांत तेल घालून चालवलेली रात्र आणि पहाटे बाजारात गाठ पडणारा लबाड व्यापारी, एवढाच तिचा ऐवज आहे. खून कुणी केला हे शोधणारा गुप्तहेर तिच्यात नाही, आणि तरीही ती हार्डबॉईल्ड म्हणतात त्या, म्हणजे कोरड्या आणि कठोर स्वराच्या गुन्हेकथेच्या, जातीचीच कादंबरी आहे, कारण तिथे प्रत्येक माणूस दुसऱ्याच्या गरजेचा भाव काढतो आणि लेखक त्यावर एकही हळवे वाक्य खर्ची घालत नाही. लेखक स्वतः फ्रेस्नोच्या, म्हणजे फळबागांच्याच मुलखात वाढलेला. त्याआधी १९३८ मध्येही त्याने ट्रकवाल्यांवर ‘लाँग हॉल’ नावाची कादंबरी लिहिली होती आणि तिच्यावर १९४० मध्ये चित्रपट निघाला.

हे सगळे मांडण्याचे कारण असे की अशी एक कादंबरी आपल्या भागावर लिहिण्याचा माझा विचार आहे. आराखडा थोडक्यात सांगतो. संत्र्याच्या आंबिया बहाराचा हंगाम ऐन भरात आहे. वरूडहून संत्र्याचा ट्रक आष्टी, आर्वी, वर्धा, हिंगणघाट असा जाऊन पुढे नागपूर–हैदराबाद महामार्गाने हैदराबादच्या बाजारात पोचायचा आहे. संत्र्यांच्या खाली मध्य प्रदेशातून आलेली दारू आहे आणि ती वाटेत, कोरड्या, म्हणजे दारूबंदी असलेल्या वर्धा जिल्ह्यात, उतरवायची आहे. ड्रायव्हरला हे आर्वीच्या अलीकडे कळते. पोलिसांना टीप गेलेली आहे, हे त्याला आर्वीच्या पलीकडे कळते. त्यानंतरची एक रात्र म्हणजे कादंबरी.

संत्रीच का, असे कुणी विचारील म्हणून सांगतो. ताज्या फळांवर जीएसटी नाही आणि त्यामुळे त्यांच्या वाहतुकीला ई-वे बिल, म्हणजे माल नेण्याचा ऑनलाइन कागदही लागत नाही. शिवाय तपासणीसाठी संत्र्यांची भरलेली गाडी रिकामी करायला सहसा कुणी धजत नाही, कारण माल दाबला गेला की डागतो, आणि रस्त्यावर सडलेल्या मालाची बोंब दुसऱ्या दिवशी गावभर होते. लपवण्यासाठी याहून चांगले पांघरूण आपल्या भागात मला तरी दिसत नाही. या साच्यात आपले वास्तव बसते की त्याची ओढाताण होते, यावर जाणकारांनी लिहावे.

जुना ग्रंथपाल (आर्वी)

तुमच्या आराखड्यातली दारू मला सर्वांत महत्त्वाची वाटते आणि तिच्याकडे तुम्ही नुसता लपवलेला माल म्हणून पाहता आहात. हार्डबॉईल्ड कथा ज्या स्वस्त मासिकांत घडली त्यांतले प्रमुख ‘ब्लॅक मास्क’ १९२० साली सुरू झाले, आणि अमेरिकेत देशव्यापी दारूबंदी लागू झाली तीही १९२० सालीच. ती १९३३ पर्यंत टिकली. या तेरा वर्षांत पोलीस, नगरसेवक, न्यायाधीश, गोदामवाले आणि ट्रकवाले हे सगळे एकाच धंद्यात कसे गुंतत गेले, ते या कथांनी पाहिले. डॅशिएल हॅमेट तर पिंकर्टन या खाजगी गुप्तहेर संस्थेत नोकरी करून मगच लेखनाकडे वळला होता. कायदा एका बाजूला आणि समाज दुसऱ्या बाजूला गेला की मधल्या पोकळीत जे जग उभे राहते, त्याची ही कथा आहे.

ती पोकळी आपल्या उंबरठ्यावर आहे. गांधीजींच्या सेवाग्रामचा वर्धा जिल्हा १९७० च्या दशकापासून कोरडा आहे, गडचिरोली १९९३ पासून, आणि चंद्रपूर २०१५ ते २०२१ या काळात कोरडा होता. त्या सहा वर्षांत वणीहून वरोऱ्याला जाताना वर्धा नदीचा पूल ओलांडला की खिशातली बाटली गुन्हा ठरत असे. जिल्ह्याची हद्द हीच जिथे नफ्याची रेघ होते, तिथे ड्रायव्हर हा सर्वांत मोलाचा आणि सर्वांत स्वस्त माणूस असतो. गडचिरोलीची बंदी स्त्रियांच्या आणि गावांच्या मोठ्या चळवळीतून आली, हेही विसरू नये. बंदी मागणारी बाई आणि बंदीवर पोट भरणारा माणूस एकाच घरात राहतात, हे अमेरिकन कादंबरीत सहसा आढळत नाही आणि आपल्याकडे प्रत्येक गावात आढळते.

मराठीतल्या परंपरेविषयीही दोन शब्द. बाबुराव अर्नाळकरांनी हजाराहून अधिक रहस्यकथा लिहिल्या आणि आमच्या वाचनालयात त्यांची पाने अक्षरशः झिजून गेली. पण त्यांचे नायक, धनंजय काय किंवा झुंजार काय, त्यांच्या हाती मोटार असते ती स्वतःची; भाड्याची फेरी करणारा माणूस त्या जगात केंद्रस्थानी येत नाही. ती जागा मराठीत अजून रिकामी आहे, असे माझे मत आहे.

बिल्टी बुक (हिंगणघाट)

माझे आयुष्य ट्रान्सपोर्टच्या गादीवर गेले, त्यामुळे साहित्यावर मी बोलणार नाही, गाडीवर बोलतो.

पहिली गोष्ट म्हणजे वेग. चित्रपटांमुळे सर्वांना वाटते की ड्रायव्हरचे कसब वेगात असते. भरलेल्या दहा चाकी गाडीचा ड्रायव्हर वेगाने कधीच कुणाच्या हातून सुटत नाही. त्याचे कसब ओळखींत असते. कोणत्या ढाब्यावर रात्री कुणाची जीप उभी राहते, कोणत्या पांदणीतून गाडी निघेल आणि कोणत्या पांदणीत काळ्या मातीत रुतेल, कोणत्या काट्यावर वजन करून पावती मिळते आणि कोणत्या काट्यावर वजन न करताच मिळते, हे त्याला पाठ असते. ऑक्टोबरात परतीचा पाऊस झालेला असेल तर आर्वीच्या बाजूच्या शेतरस्त्यावर भरलेली गाडी घालणे म्हणजे ती तिथेच सोडून येणे होय. तुमच्या रात्रीच्या प्रसंगात पाठलाग असेल तर तो ताशी वीस किलोमीटरचा असू द्या. तो अधिक भयंकर वाटेल, याची मला खात्री आहे.

दुसरी गोष्ट म्हणजे पैसा. ड्रायव्हरने मालकाकडून उचल घेतलेली असते, बहुधा घरच्या आजारपणासाठी किंवा बहिणीच्या लग्नासाठी, आणि ती फिटेपर्यंत तो दुसऱ्या गाडीवर चढू शकत नाही. मोटार वाहतूक कामगारांच्या १९६१ च्या कायद्यात दिवसाला आठ तास आणि आठवड्याला अठ्ठेचाळीस तास काम लिहिलेले होते. तो कागद मी पाहिलेला आहे, तसे चालणारी गाडी मात्र पाहिलेली नाही. ओव्हरलोडचा दंड २०१९ च्या दुरुस्तीने वीस हजार रुपये आणि जास्तीच्या प्रत्येक टनामागे आणखी दोन हजार इतका झाला, तेव्हापासून गादीवर बसणारा माणूस जोखीम ड्रायव्हरच्या गळ्यात अधिक बारकाईने बांधू लागला आहे.

तिसरी गोष्ट, भरताना ड्रायव्हर गाडीजवळ नसतो. तो झोपलेला असतो, कारण रात्र त्याला जागायची असते. हमाल भरतात, क्लीनर ताडपत्री ओढून दोर आवळतो, आणि ड्रायव्हरच्या हातात तयार बिल्टी, म्हणजे मालाची वाहतूक पावती, येते. म्हणून नाक्यावर तो म्हणतो, “मले काय मालूम जी, ताडपत्रीखाली काय हाय ते,” तेव्हा नव्वद टक्के वेळा तो खरे बोलत असतो. त्यावर विश्वास मात्र शंभरातला एक जण ठेवतो. तुमच्या नायकाला आर्वीच्या अलीकडे माल कसा कळतो, ते नीट ठरवा. मला विचाराल तर गाडीच्या वागण्यावरून कळावा. संत्र्याच्या वजनाने पाटे, म्हणजे गाडीच्या स्प्रिंगा, जितके बसायला हवेत त्याहून जास्त बसले आहेत आणि वळणावर गाडी वेगळी झुकते, हे त्याच्या कमरेला डोक्याआधी समजते.

पुण्यातला अकोलेकर

उत्साहावर पाणी टाकण्याचा हेतू नाही, पण मला हा साचाच मुळात परका वाटतो. हार्डबॉईल्ड नायक एकटा असतो. त्याला गाव नसते, भाऊबंद नसतात, त्याच्या खोलीचे भाडे थकलेले असते आणि त्याची चौकशी करणारे कुणी नसते. मोठ्या शहरात अनोळखी राहण्याची जी सोय आणि शिक्षा असते, तिच्यातूनच त्याचा कोरडा स्वर येतो. वरूड तालुक्यातल्या ड्रायव्हरला रात्री आर्वीत अडचण आली तर त्याच्या मोबाईलवर साडू, मामेभाऊ, गावचा पोलीस पाटील आणि एखाद्या पक्षाचा तालुका पदाधिकारी असे चौघे तरी असतात. त्याची गोष्ट एकटेपणाची होणार नाही. ती शिफारशींची होईल, आणि शिफारशींची गोष्ट म्हणजे आपली नेहमीची ग्रामीण कादंबरी.

दुसरी शंका तंत्राची आहे. आज ड्रायव्हर पळू शकतो काय? फास्टॅग २०२१ पासून सक्तीचा आहे, गाडीत मालकाने जीपीएस बसवलेले असते, मोबाईलचे लोकेशन निघते. माणूस कुठे आहे हे मालकाला, फायनान्सवाल्याला आणि पोलिसांना एकाच वेळी दिसत असेल, तर संकटात सापडण्याची कथा उरतेच कुठे?

उंबरठा (आष्टी)

अकोलेकरांच्या म्हणण्यातला पहिला भाग मला पटत नाही. ड्रायव्हरच्या मोबाईलमध्ये चार नातलग असतात हे खरे, पण त्या चौघांनाही तो काय नेतो हे सांगता येत नाही, हीच तर त्याची कोंडी आहे. आमच्या वाडीत ट्रकवर जाणारी माणसे पुष्कळ आहेत. घरी आलेला ड्रायव्हर दोन दिवस नुसता झोपतो आणि उठल्यावर पाहुण्यासारखा वागतो. मुलांच्या शाळेची, सोसायटीच्या कर्जाची, सासूच्या औषधांची सगळी व्यवस्था बायकोने लावलेली असते. बचत गटाचा हप्ता ती भरते, मायक्रोफायनान्सवाल्याच्या आठवड्याच्या बैठकीत सगळ्यांसमोर उभी ती राहते. ज्या एकटेपणाची तुम्ही शहरात कल्पना करता, तो इथे भरल्या घरात असतो.

आता धागाकर्त्यांना एक विनंती. या प्रकारच्या कादंबऱ्यांत बाई येते ती नायकाला फशी पाडणारी म्हणून किंवा त्याच्या हळव्या बाजूची साक्ष म्हणून. कृपा करून ढाब्यावरची गूढ बाई आणू नका. तुमच्या आराखड्यात एक फार मोठी शक्यता आहे आणि ग्रंथपालकाकांनी ती जाता जाता सांगून टाकली आहे. वर्धा जिल्ह्यात गावोगावी दारूविरोधी महिला मंडळांच्या बाया रात्री गस्तीला निघालेल्या मी स्वतः पाहिल्या आहेत. गाडी जिथे उतरणार आहे त्या गावातल्या बायांनीच ती अडवली तर? पोलिसांना हप्ता देऊन गप्प करता येते, व्यापाऱ्याशी सौदा करता येतो, पण हातात काठी घेतलेल्या वीस बायांशी ड्रायव्हर काय बोलणार? त्यांच्यात त्याच्या बायकोच्या माहेरची एखादी बाई असेल, तर त्याला खोटेही बोलता येणार नाही.

वकील (चंद्रपूर)

बंदीच्या काळात आमच्या जिल्ह्यात अशी प्रकरणे इतकी चालली की त्यांतला तोचतोपणा माझ्या लक्षात राहिला आहे. कादंबरीकाराला उपयोग होईल एवढेच लिहितो.

गुन्हा महाराष्ट्र दारूबंदी अधिनियम, १९४९ खाली, बहुतेक वेळा कलम ६५ (ई) लावून, नोंदला जातो. मालाचा ताबा कुणाकडे होता, हा पहिला प्रश्न असतो, आणि रस्त्यावर पकडलेल्या गाडीत ताबा म्हणजे स्टिअरिंगवर बसलेला माणूस. त्या मालाचा समाधानकारक खुलासा देण्याची पाळी त्याच्यावर येते. ज्याने माल भरायला सांगितले तो बिल्टीवर नसतो, असला तरी त्याच्या नावाचे दुकान त्या पत्त्यावर नसते. साक्षीदार पंच, जप्तीचा पंचनामा, रसायनशाळेचा अहवाल, आणि आरोपी क्रमांक एक चालक. आरोपी क्रमांक दोन बहुधा ‘फरार’ या एका शब्दात संपतो.

वाहनाच्या बाबतीत मात्र तुमच्या कथेला कलाटणी देणारी एक तरतूद आहे. इतर गुन्ह्यांत मालक अर्ज करतो आणि गाडी सुपुर्दनाम्यावर, म्हणजे परत हजर करण्याच्या हमीवर, सोडवून नेतो. या अधिनियमाच्या कलम ९८ नुसार, सापडलेला माल नियमांनी ठरवलेल्या मर्यादेपेक्षा जास्त असेल, तर अंतिम निकाल लागेपर्यंत वाहन बंधपत्रावर सोडता येत नाही. आपण गुन्हा होऊ नये म्हणून पुरेशी काळजी घेतली होती, हे मालकाने न्यायालयाला पटवले तर ते जप्त होण्यापासून वाचू शकते, पण ते सगळे नंतरचे. तोवर ट्रक ठाण्याच्या आवारात उभा राहतो आणि त्याच्या चाकांतून गवत वर येते. त्यामुळे तुमच्या आराखड्यात ज्याचा ट्रक आहे त्याने स्वतःहून असा धोका का पत्करावा, याचे उत्तर कथेने दिले पाहिजे. माझ्या अनुभवात याचे उत्तर साधे असे. ज्याचा माल असतो त्याची गाडी कधीच नसते.

अकोलेकरांच्या तंत्राविषयीच्या शंकेवर एक वाक्य : जीपीएस आणि मोबाईलचे लोकेशन न्यायालयात ड्रायव्हर कुठे होता हे दाखवते, त्याला काय माहीत होते हे दाखवत नाही, आणि सगळा खटला त्या दुसऱ्या गोष्टीवर उभा असतो.

संत्राबाग (वरूड)

वकीलसाहेबांची पोस्ट वाचून नायकाविषयीचा एक निर्णय सोपा झाला. तो आता पगारी ड्रायव्हर राहणार नाही. जुना ट्रक त्याने फायनान्सवर घेतला आहे, स्वतःच मालक आणि स्वतःच चालक, आणि बागेचा व्यापारी त्याची गाडी भाड्याने लावतो. म्हणजे पकडला गेला तर एकाच रात्री स्वातंत्र्य, गाडी आणि रोजी जाते, हप्ता मात्र चालूच राहतो. बिल्टी बुक यांनी सांगितलेली उचलीची साखळी इथे हप्त्याच्या रूपाने येईल आणि उंबरठाताईंनी सांगितलेली आठवड्याची बैठकही तिच्यातच बसेल, कारण गाडी घेताना सुरुवातीला रोख भरायला लागलेले पैसे बायकोच्या नावावरच्या कर्जातून आलेले असतील.

तंत्राच्या शंकेचे उत्तरही मला याच पोस्टमध्ये मिळाले. सर्वांना गाडी दिसते आहे, व्यापाऱ्याला, फायनान्सवाल्याला, पोलिसांना, आणि तरीही आतल्या माणसाला काय माहीत आहे हे कुणालाच दिसत नाही. पळण्याची कथा मला नकोच आहे. तो थांबला तरी संशयित आणि चालत राहिला तरी संशयित, अशी ती रात्र मला लिहायची आहे. २०२४ च्या जानेवारीत अपघातानंतर पळून जाणाऱ्या चालकाला दहा वर्षांपर्यंत शिक्षेची तरतूद करणाऱ्या भारतीय न्याय संहितेच्या कलम १०६ (२) विरुद्ध देशभर ट्रकवाल्यांनी गाड्या उभ्या केल्या, पेट्रोल पंपांवर रांगा लागल्या आणि सरकारला ते कलम तूर्त लागू न करण्याचे आश्वासन द्यावे लागले. तेव्हा आमच्या गावातले ड्रायव्हर पुन्हा पुन्हा जे सांगत होते त्याचा अर्थ असा की थांबलो तर जमाव मारील आणि निघालो तर कायदा. ती कोंडी मला अपघाताविना उभी करायची आहे.

एकटेपणावर अकोलेकरांशी माझा मतभेद कायम आहे. साडू आणि पोलीस पाटील त्याला सोडवू शकतील, हे मान्य. पण सोडवल्यानंतर तो आयुष्यभर त्यांचा देणेकरी होईल, आणि व्यापाऱ्याच्या देण्यातून सुटून नातलगांच्या देण्यात अडकणे ही त्याला सुटका वाटणार नाही. म्हणून तो फोन करणार नाही. त्याच्या हातात फोन असेल, चार्जिंगही पूर्ण असेल.

पुण्यातला अकोलेकर

फोन हातात असून न करणारा माणूस मला पटला, फक्त त्यासाठी वाचकाला आधीच्या प्रकरणांत एखादे जुने उपकाराचे प्रकरण दाखवावे लागेल. नाहीतर तो हट्टी वाटेल. स्वर कोरडा ठेवायचा असेल तर निवेदन त्याच्या तोंडून करू नका, अशीही सूचना करतो. वऱ्हाडीतला प्रथमपुरुषी निवेदक फार लवकर विनोदी होतो, कारण आपल्या वाचकाला त्या बोलीवर हसण्याची सवय रंगमंचाने लावली आहे. निवेदन प्रमाण मराठीत, तृतीयपुरुषी, आणि संवाद तेवढे त्यांच्या बोलीत, तेही तुटक.

उंबरठा (आष्टी)

बोलीवर हसण्याची सवय पुण्यातल्या वाचकाला लागली असेल. इथे याच बोलीत जामीन मागतात आणि मर्तिकही सांगतात. ज्याला हसायचे असेल तो पहिल्या दोन पानांवर हसेल आणि तिसऱ्या पानावर थांबेल, एवढी ताकद लेखकात असली पाहिजे. तरीही निवेदन तृतीयपुरुषी असावे, हे मला मान्य आहे, पण वेगळ्या कारणासाठी. गाडी अडवणाऱ्या बायांचा प्रसंग नुसत्या त्याच्या डोळ्यांनी पाहिला, तर त्या बाया पुन्हा संकट म्हणूनच दिसतील.

जुना ग्रंथपाल (आर्वी)

टीप कुणी दिली, हे अजून कुणी विचारले नाही. रहस्यकथेच्या जुन्या वाचकाला तेवढे एक हवेच असते.

बिल्टी बुक (हिंगणघाट)

आमच्या धंद्यात दबक्या आवाजात बोलले जाते ते सांगतो, खरेखोटे ज्याचे त्याने ठरवावे. मोठा माल एका रस्त्याने जायचा असतो, तेव्हा दुसऱ्या रस्त्यावरची एक लहान गाडी पोलिसांना आधीच सांगून दिली जाते. ठाण्याला कारवाई मिळते, वर्तमानपत्राला फोटो मिळतो आणि मोठा माल निवांत पोचतो. वकीलसाहेबांची अडचणही इथे सुटते, कारण गाडी व्यापाऱ्याची नाही, ड्रायव्हरची आहे. व्यापाऱ्याला ती गेल्याचे दुःख नाही. वरची संत्रीदेखील त्याने डागी, उतरत्या प्रतीची भरलेली असतील, आणि हे ड्रायव्हरला संध्याकाळी भरताना दिसले असते, पण तो तेव्हा झोपलेला होता.

संत्राबाग (वरूड)

डागी संत्री! मग त्याला संशय वजनावरून न येता वासावरून यावा. वरूडमध्ये वाढलेल्या माणसाला चांगल्या मालाचा आणि उतरलेल्या मालाचा वास अंधारातही वेगळा कळतो, आणि हैदराबादपर्यंत जाणाऱ्या गाडीत कुणी उतरलेला माल भरत नाही, हेही त्याला ठाऊक असते. म्हणजे दारू आहे हे कळण्याच्या आधीच त्याला हे कळेल की ही गाडी हैदराबादला पोचावी अशी कुणाची इच्छाच नाही. पहिले प्रकरण आता आष्टीच्या अलीकडे, चहाच्या टपरीवर सुरू करतो. लिहून झाले की इथेच टाकतो. वकीलसाहेब, पंचनाम्याची भाषा तेवढी तुमच्याकडून तपासून घेईन.

वकील (चंद्रपूर)

अवश्य पाठवा. पंच दोन घ्या, आणि त्यांतला एक त्याच चहाच्या टपरीवाला असू द्या. प्रत्यक्षात बहुतेक वेळा तोच असतो.